क्वार्ट्झ दिवे आणि अतिनील किरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वार्ट्झ दिवा म्हणजे नेमके काय?

ज्या दिव्याची नळी साध्या काचेऐवजी वितळवलेल्या क्वार्ट्झची, म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिकाची, बनवलेली असते त्याला क्वार्ट्झ दिवा म्हणतात. अतिनील किरणांच्या संदर्भात हा शब्द वापरला जातो तेव्हा बहुधा पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा अभिप्रेत असतो. नावामुळे एक गैरसमज कायम होतो, तो आधीच दूर केलेला बरा. अतिनील किरण क्वार्ट्झमधून निर्माण होत नाहीत. ते नळीतील पाऱ्याच्या बाष्पातून निर्माण होतात आणि क्वार्ट्झ त्यांना बाहेर पडू देते, एवढेच तिचे काम. घरोघरी वापरली जाणारी जुनी ट्यूबलाइट आतून याच जातीची असते. तिच्यातही पाऱ्याचे बाष्प अतिनील किरणच सोडते, पण ते किरण नळीच्या आतल्या पांढऱ्या लेपावर पडून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर होते आणि उरलेसुरले काच अडवते. हा लेप काढून टाकून काचेच्या जागी क्वार्ट्झ बसवली, तर तीच नळी जंतुनाशक दिवा होते.

साधी काच का चालत नाही?

कारण खिडकीची साधी काच दृश्य प्रकाशाला पारदर्शक असली, तरी सुमारे 310 ते 320 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या किरणांना ती जवळजवळ भिंतीसारखी असते. जंतुनाशक दिव्याचे मुख्य किरण 254 नॅनोमीटरचे असतात, त्यामुळे साध्या काचेच्या नळीतून ते बाहेर येतच नाहीत. वितळवलेली क्वार्ट्झ 200 नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत पारदर्शक राहते आणि रासायनिक पद्धतीने बनवलेली अतिशुद्ध सिलिका त्याच्याही खाली जाते. काही कमी दाबाच्या जंतुनाशक नळ्या 254 नॅनोमीटर जाऊ देणाऱ्या खास मऊ काचेच्या बनवतात हे खरे आहे, परंतु जास्त शक्तीच्या किंवा जास्त तापणाऱ्या दिव्यांसाठी क्वार्ट्झला पर्याय नाही.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. क्वार्ट्झ मऊ पडण्यासाठी सुमारे 1650 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि तापल्यावर ती साध्या काचेच्या तुलनेत सुमारे पंधरा-सोळा पटींनी कमी प्रसरण पावते. लालभडक तापलेली क्वार्ट्झची नळी थंड पाण्यात बुडवली तरी ती तडकत नाही. हा प्रयोग ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला या पदार्थाबद्दल निराळा आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

मात्र याच गुणामुळे एक अडचण उभी राहते. क्वार्ट्झ फारशी प्रसरण पावत नाही, धातू मात्र पावतो, मग विजेची तार नळीच्या आत न्यायची कशी? जाड तार सरळ आत घातली तर तापताच सांधा फुटेल. यावर काढलेला तोडगा दिव्याच्या टोकाकडे नीट पाहिल्यास दिसतो. चपटे दाबून बंद केलेल्या टोकाच्या आत मॉलिब्डेनमची एक चकचकीत, अत्यंत पातळ पट्टी असते. मिलिमीटरच्या काही शतांश जाडीची ही पट्टी इतकी लवचिक असते की प्रसरणातील फरक ती स्वतःमध्ये सामावून घेते. सुमारे 350 अंशांच्या वर ही पट्टी हवेच्या संपर्कात गंजू लागते, म्हणून दिव्याचा मधला भाग कितीही तापला तरी टोके मात्र थंड ठेवावी लागतात.

किरण नेमके कसे तयार होतात? कमी दाब आणि मध्यम दाब या दिव्यांत फरक काय?

नळीत थोडा अर्गॉन वायू आणि किंचित पारा असतो. दोन्ही टोकांच्या विद्युत अग्रांमध्ये पुरेसे व्होल्टेज दिले की इलेक्ट्रॉन धावू लागतात, पाऱ्याच्या अणूंवर आदळतात आणि त्यांना उत्तेजित करतात. हे अणू मूळ स्थितीत परतताना ठरावीक तरंगलांबीचे किरण सोडतात. पाऱ्याच्या वर्णपटात 185, 254, 297, 313, 365, 405, 436 आणि 546 नॅनोमीटरच्या आसपास ठळक रेषा आहेत. यांपैकी कोणत्या रेषा प्रबळ होतील, हे मुख्यतः बाष्पाच्या दाबावर ठरते.

कमी दाबाच्या दिव्यात पाऱ्याच्या बाष्पाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक लाखाव्या हिश्श्याइतका असतो. त्याच्या अतिनील प्रारणाचा बहुतांश भाग 254 नॅनोमीटर या एकाच रेषेत एकवटलेला असतो आणि दिलेल्या विजेपैकी साधारण 30 ते 40 टक्के ऊर्जा त्या रूपाने बाहेर पडते. प्रकाशाच्या साधनांमध्ये इतकी कार्यक्षमता क्वचितच आढळते. नळीची भिंत सुमारे 40 अंशांवर असताना हा दिवा सर्वोत्तम चालतो. थंड वाऱ्याचा झोत थेट नळीवर आला तर बाष्पाचा दाब घटतो आणि किरणही घटतात. वातानुकूलन यंत्राच्या वाहिनीत दिवा बसवताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. हा परिणाम कमी व्हावा म्हणून अधिक शक्तीच्या दिव्यांत नुसत्या पाऱ्याऐवजी पाऱ्याचा इतर धातूंशी केलेला पारदमेळ वापरतात.

मध्यम दाबाच्या दिव्यात दाब साधारण वातावरणाइतका असतो आणि नळीची भिंत 600 ते 900 अंशांपर्यंत तापते. याच्या किरणांत एकच रेषा नसून 200 नॅनोमीटरपासून दृश्य प्रकाशापर्यंत अनेक रेषा आणि त्यांच्यामागे सलग वर्णपट असतो. कार्यक्षमता कमी असली तरी लहान जागेत प्रचंड शक्ती मिळते. म्हणून शाई आणि लेप वाळवण्यासाठी, तसेच मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत हाच दिवा वापरला जातो.

यूव्ही-ए, यूव्ही-बी आणि यूव्ही-सी यांपैकी हा दिवा काय देतो?

315 ते 400 नॅनोमीटर हा यूव्ही-ए, 280 ते 315 हा यूव्ही-बी आणि 100 ते 280 हा यूव्ही-सी पट्टा होय. कमी दाबाचा क्वार्ट्झ दिवा प्रामुख्याने यूव्ही-सी देतो आणि मध्यम दाबाचा तिन्ही देतो. सूर्यप्रकाशातील यूव्ही-सी वातावरणातच शोषला जातो आणि जमिनीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजेच हे किरण सजीवांच्या ओळखीचे नाहीत. त्यांची उपयुक्तता आणि त्यांचा धोका या दोन्हींचे मूळ येथेच आहे.

हा दिवा कोणी आणि कधी तयार केला?

अतिनील किरणांचा शोध 1801 मध्ये योहान रिटर यांनी लावला. वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जेथे डोळ्यांना काहीही दिसत नाही, तेथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडते, हे त्यांच्या लक्षात आले. 1877 मध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी सूर्यप्रकाशाने जिवाणूंची वाढ थांबते हे दाखवले. कोपनहेगनमधील डॉक्टर नील्स फिन्सन यांनी कार्बन आर्क दिव्याचा प्रकाश क्वार्ट्झच्या भिंगांमधून एकवटून त्वचेच्या क्षयावर उपचार केले आणि त्यासाठी त्यांना 1903 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाऱ्याच्या बाष्पाचा व्यवहारोपयोगी दिवा पीटर कूपर ह्यूइट यांनी 1901 च्या सुमारास आणला, पण त्याची नळी काचेची होती. दरम्यान जर्मनीतील हानाऊ येथे हेरेउस कंपनीत रिखार्ड क्यूख यांनी 1899 मध्ये नैसर्गिक स्फटिक ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत वितळवून बुडबुडे नसलेली क्वार्ट्झ काच तयार करण्यात यश मिळवले होते. पाऱ्याचा दिवा आणि क्वार्ट्झची नळी यांची सांगड पुढच्या काही वर्षांत तेथेच घातली गेली आणि ‘कृत्रिम पर्वतीय सूर्य’ या नावाने हे दिवे रुग्णालयांमध्ये पोहोचले.

या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग 1919 चा आहे. बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर क्वार्ट्झ दिव्याचे किरण सोडले आणि त्यांची हाडे सुधारत असल्याचे क्ष-किरण चित्रांतून दाखवले. त्यांनी फक्त एका हातावर किरण सोडले तेव्हा दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. याचा अर्थ त्वचेत तयार झालेले काहीतरी रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचत होते. ते ‘काहीतरी’ म्हणजे ड जीवनसत्त्व, हे नंतर उलगडले.

दिवा चालू असताना विशिष्ट तिखट वास का येतो?

तो वास ओझोनचा असतो. पाऱ्याची 185 नॅनोमीटरची रेषा हवेतील ऑक्सिजनचे रेणू फोडते आणि सुटे झालेले अणू इतर ऑक्सिजन रेणूंशी जोडले जाऊन ओझोन तयार होतो. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे, त्यामुळे हा वास स्वच्छतेची खूण समजून समाधान मानणे चुकीचे ठरते. ओझोन नको असेल तर टायटॅनियमचा अंश मिसळलेल्या क्वार्ट्झचे दिवे मिळतात. त्यांतून 254 नॅनोमीटरचे किरण जातात आणि 185 चे अडवले जातात. काही ठिकाणी मात्र 185 ची रेषा मुद्दाम हवी असते. इलेक्ट्रॉनिक चिप बनवण्यासाठी लागणाऱ्या अतिशुद्ध पाण्यातील उरलेसुरले सेंद्रिय अंश ती तोडून टाकते.

जंतू मरतात ते कसे?

जंतूंच्या डीएनएमध्ये आणि आरएनएमध्ये 260 ते 265 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सर्वाधिक शोषले जातात आणि पाऱ्याची 254 ची रेषा योगायोगाने याच शिखराजवळ येते. किरण शोषले गेले की डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे दोन थायमिन घटक एकमेकांना चिकटतात. अशा गाठी पुरेशा संख्येने पडल्या की पेशीला आपल्या डीएनएची प्रत काढता येत नाही. काटेकोरपणे सांगायचे तर जंतू तत्क्षणी मरत नाही, त्याची संख्या वाढणे थांबते.

हा फरक निव्वळ शाब्दिक नाही. अनेक जिवाणूंकडे अशा गाठी सोडवणारे एक विकर असते आणि ते दृश्य प्रकाशाच्या ऊर्जेवर चालते. मात्रा अपुरी पडली आणि त्यानंतर पाण्यावर किंवा पृष्ठभागावर उजेड पडला, तर त्यांतील काही जिवाणू पुन्हा कार्यक्षम होतात. म्हणून ‘थोडा वेळ दिवा लावला’ असे म्हणण्याला काही अर्थ नाही, किती मात्रा मिळाली हे सांगता आले पाहिजे. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. ती मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर या एककात मोजतात.

पिण्याच्या पाण्यासाठी किती मात्रा लागते?

40 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर ही मात्रा अनेक मानकांमध्ये आधार म्हणून धरली जाते. बहुतेक रोगकारक जिवाणूंना याहून बरीच कमी मात्रा पुरते. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, पण अतिनील किरणांपुढे तो दुबळा ठरतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस हे स्पष्ट झाल्यानंतर जलशुद्धीकरणात या दिव्यांचे महत्त्व एकदम वाढले. याउलट ॲडेनोव्हायरस मात्र 254 नॅनोमीटरला चिवट विरोध करतात आणि त्यांच्यासाठी मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागते.

खरा प्रश्न पाण्याच्या पारदर्शकतेचा असतो. समजा, एका पाण्यातून दर सेंटीमीटरला 90 टक्के किरण पुढे जातात आणि दुसऱ्यातून 70 टक्के. पाच सेंटीमीटर अंतरावर पहिल्या पाण्यात 59 टक्के किरण उरतील, दुसऱ्यात केवळ 17 टक्के. डोळ्यांना ही दोन्ही पाणी सारखीच नितळ दिसू शकतात, कारण 254 नॅनोमीटर शोषून घेणारे लोह आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ नेहमीच रंग दाखवतात असे नाही. त्यात गढूळपणा असेल तर कणांच्या आड जंतू लपतात. म्हणून गाळणी नेहमी दिव्याच्या आधी असावी. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या बाह्य नळीवर पाण्यातील क्षारांचा पांढरट आणि लोहाचा तांबूस थर बसतो. तो सायट्रिक आम्लासारख्या सौम्य आम्लाने वेळोवेळी उतरवला नाही, तर दिवा उत्तम असूनही पाण्यापर्यंत किरण पोहोचत नाहीत.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. क्लोरीनसारखा कोणताही अंश हे किरण पाण्यात मागे ठेवत नाहीत. पुढे टाकीत किंवा नळात पाणी पुन्हा दूषित झाले, तर त्यापासून ते संरक्षण देत नाहीत.

खोलीतील हवा आणि पृष्ठभाग यांसाठी दिवा कितपत उपयोगी आहे?

हवेसाठी बराच, पृष्ठभागांसाठी मर्यादित. किरण सरळ रेषेत जातात. टेबलाची खालची बाजू, कापडाची घडी, धुळीच्या थराखालचा भाग येथे ते पोहोचत नाहीत. शिवाय अंतर वाढले की तीव्रता झपाट्याने घटते.

हवेच्या बाबतीत अधिक चांगला मार्ग 1930 च्या दशकात विल्यम वेल्स यांनी दाखवला. दिवे खोलीच्या वरच्या भागात, माणसांच्या डोक्यांहून उंच बसवायचे आणि पट्ट्यांची जाळी लावून किरण आडवे सोडायचे. खालची हवा वर जाते, किरणांतून फिरते आणि परत खाली येते. 1941 च्या गोवराच्या साथीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया परिसरातील ज्या शाळांत असे दिवे होते, तेथे संसर्ग कमी पसरल्याचे वेल्स यांना आढळले. आजही क्षयरोगाच्या कक्षांसाठी ही पद्धत वापरली जाते. हवा खेळती ठेवणे मात्र दिव्यांमुळे टळत नाही.

निळा उजेड दिसतो आहे, मग दिवा बदलायला का सांगतात?

माझ्या मते या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. जो निळसर उजेड दिसतो तो पाऱ्याच्या 405 आणि 436 नॅनोमीटरच्या रेषांचा. काम करणारे 254 नॅनोमीटरचे किरण पूर्णपणे अदृश्य असतात. दिवा जुना होत जातो तशी क्वार्ट्झ अतिनील किरणांच्या सततच्या माऱ्याने थोडी थोडी अपारदर्शक होते आणि विद्युत अग्रांचा पदार्थ उडून नळीच्या आतून बसतो. टोकांजवळ दिसणारी करडी-काळी छटा ती हीच. दृश्य उजेडावर याचा परिणाम जाणवत नाही, 254 नॅनोमीटरवर मात्र होतो. म्हणून कमी दाबाचे दिवे साधारण 8,000 ते 9,000 तासांनी, म्हणजे अखंड वापरात सुमारे वर्षाने, बदलायला सांगतात. पारदमेळ असलेले काही दिवे 12,000 तास किंवा अधिक टिकतात.

दिवा ‘पेटतो आहे’ याचा ‘काम करतो आहे’ याच्याशी संबंध नाही. तासांची नोंद ठेवावी आणि शक्य असेल तेथे 254 नॅनोमीटरसाठी बनवलेल्या मापकाने तीव्रता मोजावी.

डोळ्यांना आणि त्वचेला किती धोका आहे?

गंभीर धोका आहे आणि तो त्या क्षणी जाणवत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट आहे. यूव्ही-सी किरण डोळ्यांच्या पारदर्शक पडद्याच्या वरच्या पेशींना इजा करतात. वेदना मात्र सहसा 6 ते 12 तासांनी सुरू होते. दुपारी उघड्या दिव्याखाली काही मिनिटे काम केलेला माणूस मध्यरात्री डोळ्यांत वाळू खुपते आहे अशा भावनेने जागा होतो, डोळे उघडवत नाहीत, पाणी थांबत नाही आणि कारण काय हे त्याला आठवतही नाही. बहुधा एक-दोन दिवसांत पेशी भरून येतात, तरी असे झाल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. त्वचेवर उन्हाने भाजल्यासारखी लाली येते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. 254 नॅनोमीटरसाठी डोळ्यांच्या आणि त्वचेच्या संरक्षणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा दीर्घकाळ दिवसाला 6 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर अशी धरली गेली आहे. उघड्या नळीसमोर तीव्रता 100 मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटीमीटर असेल, तर ही मर्यादा 60 सेकंदांत संपते. म्हणून दार उघडताच दिवा बंद करणारा स्विच ही चैन नाही. तो नसलेले उपकरण मी वापरण्यास सुचवणार नाही.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या आडून दिव्याकडे पाहिले तर चालते का?

254 नॅनोमीटरचे किरण साधी काच आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही अडवतात. मात्र साध्या काचेतून 365 नॅनोमीटरचे किरण जातात, त्यामुळे मध्यम दाबाच्या दिव्यासमोर ती पुरेशी नाही. तेथे पॉलिकार्बोनेटची पूर्ण चेहरा झाकणारी ढाल वापरावी. बाजूने उघडा राहणारा चष्मा पुरत नाही, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवरून हे किरण चांगलेच परावर्तित होतात.

निर्जंतुकीकरणाशिवाय या दिव्यांचे उपयोग कोणते?

यादी लांबलचक आहे. छपाईची शाई, लाकडावरील लेप आणि विशिष्ट गोंद मध्यम दाबाच्या दिव्याखाली सेकंदाच्या आत घट्ट होतात, कारण किरणांमुळे त्यांतील लहान रेणूंच्या साखळ्या जुळतात. येथे काहीही ‘वाळत’ नाही, ही रासायनिक क्रिया असते. अतिउच्च दाबाच्या पाऱ्याच्या दिव्याची 365 नॅनोमीटरची रेषा इलेक्ट्रॉनिक चिपवर सूक्ष्म नक्षी उमटवण्यासाठी अनेक वर्षे वापरली गेली. प्रयोगशाळेत पातळ थराच्या वर्णलेखनाच्या, म्हणजे मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याच्या, पट्ट्या 254 नॅनोमीटरखाली धरल्या की हिरव्या चमकत्या पृष्ठभागावर पदार्थांचे ठिपके गडद दिसतात. खनिजांचे संग्राहकही हाच दिवा वापरतात. दिवसा मातकट दिसणारा विलेमाइटचा खडा त्याच्याखाली झळझळीत हिरवा होतो आणि त्याच्या शेजारचे कॅल्साइट निखाऱ्यासारखे लाल. जुन्या संगणकांतील एका प्रकारच्या स्मृती-चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. त्या खिडकीतून सुमारे 15 ते 20 मिनिटे 254 नॅनोमीटरचे किरण सोडले की चिपवरील सर्व नोंदी पुसल्या जात.

ड्यूटेरियम, झेनॉन आणि हॅलोजन दिवे हेही क्वार्ट्झ दिवेच का?

नळीच्या दृष्टीने होय, उपयोगाच्या दृष्टीने नाही. ड्यूटेरियम दिवा 400 नॅनोमीटरच्या खाली सलग वर्णपट देतो, म्हणून वर्णपटमापकात तो अपरिहार्य आहे. झेनॉनचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या जवळ जातो, म्हणून रंग आणि प्लास्टिक उन्हात किती टिकतील हे तपासण्यासाठी तो वापरतात. हॅलोजन दिव्यात क्वार्ट्झ केवळ उष्णता सोसण्यासाठी असते आणि त्याने निर्जंतुकीकरण होत नाही.

नळीला हात का लावू नये?

बोटांवरील घामात सोडियमचे क्षार असतात. नळी तापल्यावर त्या ठशाच्या जागी क्वार्ट्झचे स्फटिकीकरण होऊन दुधी डाग उमटतो. तो पुसला जात नाही आणि तेथे नळी कमकुवत होते. मध्यम दाबाच्या दिव्यात हे हमखास घडते. स्वच्छ हातमोजे घालावेत आणि चुकून हात लागल्यास दिवा पेटवण्याआधी अल्कोहोलने पुसावा.

मध्यम दाबाचा दिवा बंद करून लगेच पुन्हा का लागत नाही?

तापलेल्या नळीत बाष्पाचा दाब इतका असतो की नेहमीच्या व्होल्टेजला विद्युत प्रवाह सुरू होत नाही. काही मिनिटे थंड होऊ द्यावा. वारंवार चालू-बंद करण्याने विद्युत अग्रांचे आयुष्यही घटते.

घरी त्वचेच्या उपचारासाठी किंवा ड जीवनसत्त्वासाठी असा दिवा वापरावा का?

नाही. ड जीवनसत्त्व यूव्ही-बी पट्ट्यात तयार होते आणि जंतुनाशक दिवा यूव्ही-सी देतो. त्याच्यासमोर बसल्याने हाती फक्त इजा येईल. सोरायसिससारख्या विकारांवर आज डॉक्टर 311 नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याच्या खास नळ्या मोजून दिलेल्या मात्रेत वापरतात.

एलईडीमुळे क्वार्ट्झ दिवे कालबाह्य होतील का?

365 ते 405 नॅनोमीटरच्या कामांत, विशेषतः शाई आणि गोंद घट्ट करण्यात, एलईडीने मोठी जागा घेतली आहे. यूव्ही-सी पट्ट्यात 265 ते 280 नॅनोमीटरचे एलईडी उपलब्ध आहेत. ते लहान असतात, क्षणात पेटतात आणि त्यांत पारा नसतो, परंतु विजेचे किरणांत रूपांतर करण्यात ते कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्याच्या बरेच मागे आहेत. क्रिप्टॉन-क्लोरीनचे 222 नॅनोमीटरचे दिवेही आले आहेत आणि त्यांची नळीसुद्धा क्वार्ट्झचीच असते. 2013 च्या मिनामाटा करारामुळे पाऱ्याचा वापर कमी करण्याचा दबाव वाढत आहे. तरीही मोठ्या प्रमाणावर पाणी शुद्ध करायचे असेल, तर आज मी पाऱ्याचाच दिवा निवडेन.

दिवा फुटला तर काय करावे?

आधी वीज बंद करावी, खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पाऱ्याचे बाष्प आणि कण हवेत पसरतात. हातमोजे घालून तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत आणि सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करावे. ही बरणी, तसेच न फुटलेला पण आयुष्य संपलेला दिवाही, नेहमीच्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा.